पुडीत काय आहे, ते आधी विचारा

(युवक शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटची दोन उत्तरं श्रोत्यांकडून आलेल्या चिठ्ठ्यांना दिलेली आहेत.)



फळ्यावर संयोजकांनी विषय जरा सौम्य करून लिहिला आहे, 'वनौषधी आणि पुरुषांचं आरोग्य'. मी मात्र सरळ बोलणार आहे. वीर्य, शुक्राणू, ताठरता, हे शब्द आज वारंवार येतील. मागच्या रांगेतल्यांनी आत्ताच हसून घ्यावं, दहा मिनिटांत सवय होईल. ज्यांना हे बोलणं आपल्या रीतीत बसत नाही असं वाटतं, त्यांना एवढंच आठवून देतो की मदिन्याच्या अन्सार स्त्रियांचं हजरत आयशांनी कौतुक केलं होतं. लाजेपायी त्या प्रश्न विचारायच्या थांबत नाहीत, म्हणून. आणि मराठीत म्हणाल, तर र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली आणि त्यासाठी खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा आपण काही नवीन करत नाही आहोत.

रेल्वेनं जाताना रुळाकडेच्या भिंती वाचत जा. 'गुप्तरोग', 'शर्तिया इलाज', 'खोई हुई ताकत'. खाली मोबाईल नंबर, आणि नावाच्या आधी 'हकीम'. आता तीच भिंत तुमच्या फोनमध्ये आली आहे. फरक एवढाच की रीलमध्ये मागे कुणीतरी नात लावतो आणि बाटलीवर 'तिब्ब-ए-नबवी' असं छापलेलं असतं. मला याचा दुप्पट राग येतो. एक तर हकीम हा शब्द आपला आहे, त्यामागे मोठी परंपरा आहे. दुसरं म्हणजे गिऱ्हाईकही आपलीच पोरं आहेत. यंत्रमागावर, बेकरीत, गॅरेजात राबणारी. डॉक्टरकडे जायला वेळ नाही आणि असला तरी तोंड उघडायची लाज वाटते अशी.

मी औषधशास्त्र शिकवतो. वनस्पतींशी माझं भांडण असायचं कारणच नाही, कारण माझ्या विषयाचा मोठा पाया वनस्पतींवर उभा आहे. भांडण आहे ते एका वाक्याशी, 'जडीबुटी आहे, फायदा झाला नाही तरी नुकसान तर नाही ना!' आज मी हे वाक्य तुमच्या डोक्यातून काढायला आलो आहे.

त्याआधी एक गोंधळ पटकन दूर करू. 'कमजोरी' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. इच्छा कमी होणं ही एक. ताठरता न येणं किंवा न टिकणं ही दुसरी. वीर्यात शुक्राणू कमी असणं किंवा त्यांची हालचाल मंद असणं ही तिसरी, आणि ती बाहेरून अजिबात दिसत नाही. पहिल्या दोन बाबतींत ठणठणीत असलेल्या माणसाचे शुक्राणू शून्य असू शकतात. चौथी म्हणजे निव्वळ भीती. झोपेत वीर्य गेलं, लघवीतून 'धात' जाते, आता आपण संपलो, ही भीती. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या प्रकाराला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. शरीरात असा हिशेब कुठेही नाही. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, त्याला पावडर लागत नाही. पण भिंतीवरचा हकीम या चारही गोष्टींना एकच पुडी देतो, आणि तिथेच तुम्हाला संशय यायला हवा.

आता मुख्य मुद्दा. वनस्पती काम करतात. जी वस्तू शरीरात काम करते, ती दोन्ही दिशांनी करू शकते.

आपल्याच परंपरेतलं उदाहरण घ्या. सर्पगंधा, युनानीत जिला असरोल म्हणतात. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेनं डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी या वनस्पतीवर रसायनशास्त्राच्या पद्धतीनं काम करू लागले. १९३१ मध्ये त्यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. पुढे १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे पन्नास रुग्णांवरच्या अभ्यासातून ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पीन हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये वेगळं केलं गेलं. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि मी ती दरवर्षी वर्गात सांगतो. त्याच तासाला पुढचं वाक्यही सांगतो. रेसर्पीन घेणाऱ्या काही पुरुषांची इच्छा मंदावते, ताठरता जाते, मन उदास होतं. मुळी तीच, वनस्पती तीच. कुणी 'नसांना शांत करणारी देशी दवा' म्हणून सर्पगंधा घातलेली पुडी दिली, तर ज्या तक्रारीसाठी तुम्ही गेलात तीच वाढू शकते.

याहून मोठं उदाहरण आपल्या शेतात आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातले किती जण आहेत इथे? बघा, अर्धा हॉल. सरकी तुम्हाला मी काय सांगणार. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, किडीपासून बीचा बचाव करणारं. चीनमध्ये काही कापूस पिकवणाऱ्या गावांत लोक कच्च्या, न शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात स्वयंपाक करत होते आणि त्या घरांत मुलं होईनात. सरकीच्या तेलाचा याच्याशी संबंध असावा असा कयास १९५७ मध्ये तिथल्या एका लेखात मांडला गेला. १९७० च्या दशकात चीन सरकारनं उलटा विचार केला, की हेच पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून का वापरू नये? आठ हजारांहून अधिक पुरुषांना गॉसिपॉल देण्यात आलं, रोज साधारण वीस मिलिग्रॅम. दोन-अडीच महिन्यांत बहुतेकांचे शुक्राणू जवळजवळ नाहीसे झाले. गोळी यशस्वी! पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, इतकं की हातपाय लुळे पडावेत. आणि गोळी थांबवल्यावर दहातल्या एक-दोघांचे शुक्राणू परत आलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये या औषधाचा नाद सोडला.

हे मी एवढं लांबवून का सांगतो? कारण युनानीत सरकीच्या गराला मग्ज-ए-पंबादाना म्हणतात, आणि तो 'मुकव्वी-ए-बाह', म्हणजे कामशक्ती वाढवणारा, म्हणून जुन्या नुसख्यांत येतो. कच्च्या गरात गॉसिपॉल साधारण एक टक्क्याच्या आसपास, जातीप्रमाणे कमी-जास्त. हिशेब तुम्हीच करा. दोन ग्रॅम गर म्हणजे वीस मिलिग्रॅम. चिनी पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून जेवढं दिलं तेवढंच. भाजल्यानं, तापवल्यानं मोकळं गॉसिपॉल कमी होतं हे खरं आहे, जुन्या जाणत्या हकिमांचे शोधनाचे नियम कदाचित याचसाठी असतील. पण रस्त्यावरच्या पुडीतला गर भाजला की नाही, किती वेळ, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. मूल व्हावं म्हणून चमचाभर चूर्ण दुधातून घ्यायचं आणि मूल न होण्याचीच दवा पोटात जायची, असं होऊ शकतं. (किराणा दुकानातलं रिफाइन्ड सरकीचं तेल यात येत नाही. शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जातं. घरी जाऊन अम्मीचा डबा ओतून देऊ नका. गाई-म्हशी सरकी पचवतात ते त्यांच्या पोटाच्या रचनेमुळे, कोंबड्यांना तीच बाधते.)

म्हणजे सगळंच वाईट? नाही, आणि असं म्हणणं अप्रामाणिक होईल. अश्वगंधेवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. शुक्राणू कमी असलेले ४६ पुरुष, त्यातल्या २१ जणांना नव्वद दिवस अश्वगंधेचा अर्क, बाकीच्यांना औषध नसलेली नुसती कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांचे शुक्राणू अडीचपटीपेक्षा जास्त झाले. लखनौमध्ये खाजकुइलीच्या बियांची पूड, म्हणजे कौंच, ७५ पुरुषांना तीन महिने दिली, त्यातही सुधारणा दिसली. कौंचमध्ये एल-डोपा असतं, पार्किन्सनच्या रुग्णांना दिलं जातं तेच द्रव्य, त्यामुळे परिणाम दिसला याचं नवल नाही. इराणमध्ये ६८ पुरुषांवर कलौंजीच्या तेलाचा प्रयोग झाला, रोज पाच मिलिलिटर, दोन महिने. तोही आशादायक निघाला. सराटा, म्हणजे गोखरू, याच्या डब्यांवर मात्र 'टेस्टोस्टेरॉन वाढवतो' असं छापतात ते माणसांवरच्या अभ्यासांत फारसं टिकलेलं नाही.

पण या आकड्यांकडे जाहिरातवाला जसा बघतो तसं बघू नका. २१ पुरुष म्हणजे एका क्रिकेट सामन्यात दोन्ही संघांचे मिळून खेळाडू असतात त्याहून एक कमी. शुक्राणूंची संख्या मुळातच वरखाली होत असते; ताप येऊन गेला तरी महिना-दोन महिने खाली राहते आणि मग आपोआप वर येते. म्हणून शेजारी तुलनेचा गट लागतो. आणि शुक्राणू वाढले म्हणजे मूल झालंच असं नाही. अश्वगंधेमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी योग्य की अतिरेकी यावर वाद होऊ शकतो. माझं मत विचाराल तर, तपासणी झालेल्या, शुक्राणू थोडे कमी असलेल्या माणसानं डॉक्टरांना सांगून तीन महिने चांगल्या कंपनीचा अर्क घेतला तर माझी हरकत नाही. 'तीन महिने' आणि 'सांगून', हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत.

उलट बाजूनं उंदरांवरच्या प्रयोगांचे मथळे येतात. कडुलिंबानं उंदरांचे शुक्राणू कमी झाले. पपईच्या बियांच्या अर्कानं जयपूरमध्ये लंगूर माकडांचे शुक्राणू नाहीसे झाले आणि अर्क थांबवल्यावर परत आले. लगेच कुणीतरी पपई खाणं सोडतो. इब्न सिना यांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून फित्तिब'च्या दुसऱ्या खंडात औषध कसं तपासावं याचे नियम घालून दिले. औषधात दुसरं काही मिसळलेलं नसावं. प्रयोग साध्या, एकेरी आजारावर करावा. परिणाम पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, एकदा दिसला तर तो योगायोग असू शकतो. आणि प्रयोग माणसावरच झाला पाहिजे, सिंहावर किंवा घोड्यावर करून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. रीलमधल्या हकिमाला यातला कुठलाही एक नियम लावून बघा.

पहिलाच नियम बघू, भेसळीचा. सगळ्यात जास्त जीव इथे जातात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त ठरवलेल्या ७७६ पूरक उत्पादनांची यादी अभ्यासकांनी तपासली. त्यातली ३५३ कामशक्तीची होती आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडलं ते सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा. 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूल अर्ध्या तासात काम करते, तेव्हा ती का काम करते हे आता समजलं असेल. तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं, असर तर झाला! तुमचं वय बावीस असेल तर कदाचित डोकं दुखून भागेल. पण तीच डबी तुमच्या मामूंनी घेतली, आणि त्यांना छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट चालू असेल, तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. डॉक्टर विचारतात, व्हायग्रा घेतली होती का? घरचे शपथेवर सांगतात, नाही, फक्त जडीबुटी.

सिंगापूरमध्ये २००८ च्या जानेवारी ते मे या पाच महिन्यांत १५० माणसं रक्तातली साखर अचानक घसरून इस्पितळात आली. त्यांपैकी कुणालाही मधुमेह नव्हता आणि एक सोडून सगळे पुरुष होते. शोध घेतला तेव्हा कामशक्तीच्या बनावट आणि 'हर्बल' गोळ्यांत मधुमेहाचं औषध ग्लिबेनक्लामाइड सापडलं. सात जण दीर्घ बेशुद्धीत गेले, त्यातले चार वारले. बरेच जण सुरुवातीला काही घेतल्याचं कबूलच करत नव्हते. लाज बघा कुठपर्यंत जाते.

कुश्ता आणि भस्म यांबद्दल थोडक्यात. यांत धातू असतात, कधी शिसं, कधी पारा. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं शुक्राणूंना मारक आहे हे कारखान्यांतल्या कामगारांवरून फार पूर्वी कळलेलं आहे. ताकदीसाठी कुश्ता खाऊन शुक्राणू गमावणं, हा सौदा मला तरी समजत नाही.

कायदा काय करतो? १९५४ पासून कायदा आहे, औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध. कामशक्ती वाढवण्याची, नपुंसकत्व बरं करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्यानं या कायद्याला आव्हान दिलं होतं. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही तरतुदी रद्द केल्या, पण जाहिरातबंदी कायम ठेवली. म्हणजे भिंतीवरचं प्रत्येक 'शर्तिया इलाज' बेकायदा आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात फोटोसह लेखी तक्रार देता येते. तुमच्या चळवळीनं एका शहराच्या भिंती जरी हाती घेतल्या तरी खूप होईल.

आता ज्यासाठी मी खरं तर आलो, ते बोलतो. पुडीचं सगळ्यात मोठं नुकसान यकृताचं नाही, वेळेचं आहे, आणि ते नुकसान पुरुषाचं एकट्याचं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. पहिल्यांदा कुणाला दवाखान्यात नेतात? सुनेला. तिची सोनोग्राफी, तिचं रक्त, तिच्या नळ्या, तिचे तावीज. मुलगा गुपचूप पावडर खातो, म्हणजे मनात त्याला शंका असते, पण तपासणी करत नाही. चार वर्षं जातात. मग घरात दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते, किंवा तलाकची. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा पत्नीकडच्या कारणासोबत. आणि बाईचं वय पस्तिशीकडे सरकलं की तिची शक्यता घटत जाते. तुमच्या पावडरीच्या चार वर्षांची किंमत ती मोजते. दोष नसताना जिला वांझ म्हटलं गेलं, तिला नंतर कुणी माफी मागायलाही जात नाही.

पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात सोपी आणि बाईच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संयम ठेवून वीर्याचा नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात, आणि एकूण नमुन्यात तीन कोटी नव्वद लाख. एकदा कमी आलं तर घाबरून जायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायचं. नमुना कसा द्यायचा, यावर अनेकांचं अडतं, धार्मिक कारणानंही. प्रयोगशाळेला विचारा. शुक्राणूंना अपाय न करणारा खास निरोध मिळतो, तो वापरून पत्नीसोबत घरी नमुना घेता येतो. तासाभरात, अंगाच्या उबेत ठेवून पोहोचवायचा.

कारण सापडलं तर बऱ्याचदा इलाज असतो. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात, व्हेरिकोसील. त्यावर शस्त्रक्रिया आहे. कुणी गुटखा, खर्रा सोडल्यावर सुधारतो. कुणी दिवसभर भट्टीसमोर असतो, उष्णता शुक्राणूंना मानवत नाही. कुणी जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असतो आणि त्याला ठाऊकच नसतं की बाहेरून हार्मोन दिलं की शरीर शुक्राणू बनवणं बंद करतं. आणि ताठरतेची तक्रार असेल तर साखर आणि रक्तदाब आधी तपासा. हृदयाच्या नळ्या अरुंद होण्याची ती खूण कधी कधी काही वर्षं आधी दिसते. पावडर खाऊन ती खूण झाकून टाकू नका.

युनानीची पदवी घेतलेले, नोंदणी असलेले डॉक्टर इथेही बसले आहेत. माझं बोलणं त्यांच्याविरुद्ध नाही. ते तपासणी लिहून देतात, औषधाचं नाव कागदावर लिहितात, घटक सांगतात. जो नाव लिहून द्यायला तयार नाही, 'खानदानी नुसखा आहे, सांगता येत नाही' म्हणतो, त्याच्याकडून उठून या.

आता दोन चिठ्ठ्या घेतो.

एकानं विचारलं आहे, लग्नाआधी ही तपासणी करावी का? सरसकट गरज नाही. लहानपणी वृषण खाली न उतरल्याची शस्त्रक्रिया झाली असेल, गालफुगीत वृषण सुजले असतील, मार लागला असेल, कर्करोगाचा उपचार झाला असेल, तर जरूर करा, आणि जे काही येईल ते निकाहाआधी समोरच्या घरी सांगा. लपवून केलेल्या लग्नात पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी चिठ्ठी: 'सर, चार महिने एक पावडर घेतोय, बंद करू का?' आज रात्रीपासून बंद. पुडी फेकू नका, डॉक्टरकडे सोबत न्या. यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करा, पुडीत कुश्ता असेल तर रक्तातल्या शिशाचीही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर यायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणून वीर्याची एक तपासणी आत्ता करा आणि दुसरी तीन महिन्यांनी. आणि ज्यानं चिठ्ठी लिहिली त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला बाहेर भेटावं, मी पायऱ्यांजवळ थांबतो.